दिव्यांगत्वाची नोंद आणि महाविद्यालयातील सवलती

महाविद्यालयात शिकणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक, वाढीव वेळ, मोठ्या टाइपातली प्रश्नपत्रिका किंवा तळमजल्यावरची बैठकव्यवस्था मिळते ती कायद्याच्या आधारे. मात्र ती मिळण्याआधी तीन गोष्टी कागदावर याव्या लागतात: दिव्यांगत्व आहे, ते किती आहे आणि त्यामुळे अभ्यासातले नेमके कोणते काम अडते. पहिल्या दोन गोष्टी सरकारी प्रमाणपत्रातून कळतात. तिसरी त्यात सहसा नसते. ती विद्यार्थ्याला, डॉक्टरला आणि महाविद्यालयाला मिळून लिहावी लागते. बहुतेक अर्ज अडकतात ते याच जागी.

कायद्याचा पाया

‘दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६’ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. नव्या कायद्यात ते २१ झाले. अंधत्व, श्रवणदोष, हातापायांचे दिव्यांगत्व, मानसिक आजार हे जुने प्रकार राहिलेच. त्यांच्या जोडीला स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, वाचादोष, स्नायूंचा क्षय, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल आणि ॲसिड हल्ल्यामुळे आलेले दिव्यांगत्व असे प्रकार आले. यांतले बरेचसे बघणाऱ्याला दिसत नाहीत. विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. असा विद्यार्थी एरवी वर्गात इतरांसारखाच वावरतो, पण वेदनेचा झटका आला की काही दिवस रुग्णालयात काढतो. त्याला लेखनिकाची गरज नसते. त्याचा प्रश्न हजेरीचा आणि चुकलेल्या चाचणीचा असतो.

शिक्षणासाठी या कायद्याची तीन कलमे महत्त्वाची आहेत. कलम १६ नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी पुरवायच्या असतात. कलम १७ मध्ये अभ्यासक्रमात आणि परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करण्याचा उल्लेख आहे. वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट ही उदाहरणे तिथेच दिलेली आहेत. कलम ३२ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांमध्ये किमान ५ टक्के जागा राखीव असतात आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट मिळते.

‘वाजवी सोय’ म्हणजे काय, हेही कायद्याने सांगितले आहे. दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावेत म्हणून केलेला आवश्यक आणि योग्य बदल म्हणजे वाजवी सोय. मात्र त्याचा संस्थेवर अवाजवी भार पडता कामा नये. अभ्यासक्रमाची कसोटी सोय दिल्यावरही तीच राहते. उत्तर कसे लिहिले जाते किंवा प्रश्न कसा वाचला जातो ते बदलते. उत्तर काय यायला हवे ते बदलत नाही.

चाळीस टक्क्यांची रेषा

कायद्यात ‘दिव्यांग व्यक्ती’ आणि ‘लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती’ अशा दोन वेगळ्या व्याख्या आहेत. दुसरीसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावे लागते. पहिलीत टक्क्याची अट नाही. दीर्घकाळ टिकणारा दोष आणि भोवतालचे अडथळे यांमुळे ज्याला इतरांच्या बरोबरीने सहभागी होता येत नाही, तो कायद्याच्या दृष्टीने दिव्यांग आहे.

प्रवेशातल्या राखीव जागेला ४० टक्के लागतात, म्हणून परीक्षेतल्या सोयीलाही तेवढेच लागतात असा समज अनेक वर्षे रूढ होता. सर्वोच्च न्यायालयाने तो ‘विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग’ या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी मोडून काढला. अर्जदार एमबीबीएस झालेला होता. लिहू लागले की हाताच्या स्नायूंना पेटके येणारा विकार त्याला होता. लक्षणीय दिव्यांगत्व नाही या कारणावरून नागरी सेवा परीक्षेत त्याला लेखनिक नाकारला गेला होता. वाजवी सोयीचा हक्क सर्व दिव्यांगांचा आहे, त्याला ४० टक्क्यांची अट लावता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि केंद्र सरकारला त्यानुसार मार्गदर्शक सूचना काढायला सांगितले. त्या १० ऑगस्ट २०२२ रोजी आल्या. त्यांनुसार ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या पण लिहिण्यात अडचण असलेल्या विद्यार्थ्यालाही लेखनिक आणि वाढीव वेळ मिळू शकतो. मात्र त्यासाठी एका डॉक्टरची सही पुरत नाही. जिल्हा शल्यचिकित्सक किंवा त्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील, अनेक तज्ज्ञांच्या समितीचे ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते.

प्रमाणपत्र मिळवण्याची वाट

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि ‘यूडीआयडी’ म्हणजेच स्वावलंबन कार्ड यांसाठीचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन कार्ड पोर्टलवर एकत्रच भरला जातो. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा आणि असतील ते वैद्यकीय कागद अर्जासोबत जोडायचे असतात. रुग्णालय निवडले की तपासणीसाठी तिथे जावे लागते. जिल्हा रुग्णालये, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आणि मोठ्या महापालिकांची काही रुग्णालये हे काम करतात. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था या केंद्रीय संस्थाही आहेत.

तपासणीच्या दिवशी केसपेपर निघतो, मग संबंधित विभागाच्या ओपीडीत पाठवले जाते. हाडांचा विकार असेल तर एक्स-रे, कानाचा असेल तर ऑडिओमेट्री आणि गरज पडल्यास बेरा चाचणी, डोळ्यांचा असेल तर दृष्टी आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी होते. एका फेरीत सगळे आटोपेलच असे नाही. २०२४ मध्ये नियमांत झालेल्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्र देण्याची मुदत तीन महिन्यांची आहे. ४० टक्क्यांखाली पांढरे, ४० ते ८० दरम्यान पिवळे आणि ८० पासून पुढे निळे असे कार्डाचे रंग ठरलेले आहेत. हे प्रमाणपत्र देशभर चालते. नांदेडला काढलेले पणजीच्या किंवा बंगळुरूच्या महाविद्यालयात पुन्हा काढावे लागत नाही.

प्रमाणपत्रावर ‘कायमस्वरूपी’ लिहिले आहे की ‘तात्पुरते’, हे आधी पाहावे. सुधारण्याची किंवा बिघडण्याची शक्यता असलेल्या स्थितीत मुदतीचे प्रमाणपत्र मिळते. पदवीच्या दुसऱ्या वर्षात ती मुदत संपली, तर चालू असलेली सवलतही थांबू शकते. वैद्यकीय शाखेच्या प्रवेशाला साधे प्रमाणपत्र पुरेसे धरले जात नाही. नीट या प्रवेशपरीक्षेसाठी नेमून दिलेल्या केंद्रांवर वेगळी तपासणी होत आली आहे. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आणि बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय ही त्यांपैकी दोन केंद्रे.

टक्केवारी कशी ठरते

टक्का हा डॉक्टरचा अंदाज नसतो. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०१८ रोजी अधिसूचित केलेल्या आणि २०२४ मध्ये सुधारलेल्या मूल्यांकन सूचनांतल्या तक्त्यांवरून तो काढला जातो. दृष्टीसाठी चष्मा लावून दिसणाऱ्या नजरेचा विचार होतो आणि चांगल्या डोळ्याला महत्त्व मिळते. एका डोळ्याने अजिबात दिसत नसेल पण दुसरा उत्तम असेल, तर दिव्यांगत्व ३० टक्के भरते. म्हणजे अशी व्यक्ती राखीव जागेच्या रेषेबाहेर राहते. श्रवणदोषाच्या व्याख्येत दोन्ही कान धरले आहेत: दोन्हीकडे ६० ते ७० डेसिबल ऐकू येण्यात घट असेल तर कमी ऐकू येणारा, ७० किंवा त्याहून जास्त असेल तर बधिर. मानसिक आजारासाठी स्वतःची निगा, माणसांशी वागणे, संवाद व आकलन आणि काम या चार बाबींना गुण देतात आणि आजाराचा काळ त्यात मिळवतात. एकूण २० पैकी ७ गुण झाले की दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या घरात जाते.

दोन दोष असतील तर टक्के नुसते बेरजेत धरत नाहीत. मोठ्या टक्क्याला ‘अ’ आणि लहानाला ‘ब’ म्हटले, तर ९० मधून ‘अ’ वजा करायचे, उरलेल्याला ‘ब’ ने गुणायचे, ९० ने भागायचे आणि आलेले उत्तर ‘अ’ मध्ये मिळवायचे, असे सूत्र आहे. एखाद्याच्या पायाचे दिव्यांगत्व ५० टक्के आणि दृष्टीचे ३० टक्के असेल, तर ९० वजा ५० म्हणजे ४०. ४० गुणिले ३० म्हणजे १२००. त्याला ९० ने भागून सुमारे १३. एकूण भरते सुमारे ६३ टक्के, ८० नव्हे. प्रमाणपत्रावरचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी दिसला की चूक झाली असे वाटते; पुष्कळदा त्यामागे हे सूत्र असते.

या सगळ्या हिशोबात एक गोष्ट येत नाही. पायाचे ६० टक्के दिव्यांगत्व असलेला विद्यार्थी तीन तास सरळ लिहू शकतो. त्याला हवी असते लिफ्ट किंवा तळमजला. उजव्या मनगटाचे २० टक्के दिव्यांगत्व असलेल्याला पाऊण तासानंतर पेन धरवत नाही. आकडा पहिल्याचा मोठा आहे, उत्तरपत्रिकेपुढची अडचण दुसऱ्याची मोठी आहे.

अध्ययन अक्षमता

डिस्लेक्सिया, डिस्ग्राफिया आणि डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे वाचन, लेखन आणि गणित यांतल्या विशिष्ट अडचणी, यांना मिळून अध्ययन अक्षमता म्हणतात. महाराष्ट्राने १९९६ सालीच अशा विद्यार्थ्यांना शालेय परीक्षांत सवलती दिल्या. केंद्राच्या कायद्यात हा प्रकार येण्याच्या वीस वर्षे आधी. त्यामुळे दहावी-बारावीत लेखनिक घेऊन आलेले विद्यार्थी इथल्या महाविद्यालयांना नवे नाहीत. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाचे अध्ययन अक्षमता केंद्र या कामासाठी ओळखले जाते.

ही तपासणी पायरीपायरीने होते. आधी नजर आणि कान तपासून तिथे दोष नाही ना, हे पाहतात. मग बुद्ध्यंक चाचणी होते. २०१८ च्या सूचनांनुसार बुद्ध्यंक ८५ च्या वर असेल तर पुढच्या चाचण्या घेतात. त्यांत बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेची चाचणीमाला वापरतात. मूल उतारा वाचते, ऐकून लिहिते, पाहून उतरवते, गणिते सोडवते. मराठी वाचनात अडखळणारी जागा बहुधा वेलांटी, मात्रा आणि जोडाक्षरे ही असते, म्हणून चाचणी मुलाच्या शिक्षणाच्या भाषेत असणे महत्त्वाचे ठरते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी याच गरजेतून आली.

प्रमाणपत्र आठव्या, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी घ्यावे आणि अठराव्या वर्षीचे आयुष्यभर ग्राह्य धरावे, असे २०१८ च्या सूचना सांगतात. महाविद्यालयाच्या दृष्टीने हा तपशील कळीचा आहे. दहावीला वापरलेले चौदाव्या वर्षीचे प्रमाणपत्र पदवीच्या पहिल्या वर्षाला जुने ठरू शकते, आणि नवे काढायचे वय नेमके प्रवेशाच्या धांदलीत येते. ज्याची अडचण शाळेत कुणाच्या लक्षातच आली नाही, त्याची वाट आणखी बिकट असते, कारण निम्हान्सची चाचणीमाला लहान वयाच्या मुलांसाठी बेतलेली आहे. अशा वेळी शाळेच्या जुन्या वह्या, प्रगतिपुस्तकावरचे शेरे आणि शिक्षकांची पत्रे अडचण लहानपणापासूनची आहे हे दाखवायला उपयोगी पडतात.

अवधान-अस्थिरता म्हणजे एडीएचडी आणि अपस्मार यांची नावे २१ प्रकारांच्या यादीत स्वतंत्रपणे नाहीत. त्यांच्यासाठी मागणी करताना दिव्यांग व्यक्तीची व्यापक व्याख्या आणि तज्ज्ञांचा तपशीलवार अहवाल यांचाच आधार असतो.

महाविद्यालयातला अर्ज

शाळेत पालक आणि वर्गशिक्षक धावपळ करतात. महाविद्यालयात विद्यार्थी सज्ञान असतो. मागणी त्यालाच करावी लागते. अर्ज प्राचार्यांच्या नावे, समान संधी कक्ष किंवा दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी नेमलेला समन्वयक असेल तर त्यांच्यामार्फत द्यावा. विद्यापीठाची परीक्षा असेल तर महाविद्यालय तो परीक्षा विभागाकडे पाठवते. सोबत प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड, आधी मिळालेल्या सवलतींची मंजुरीपत्रे आणि उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचे पत्र जोडावे. बोर्डाने दहावी-बारावीला दिलेली परवानगी हा चांगला पुरावा असतो, कारण त्या सोयीची गरज एकदा तपासून मान्य झालेली असते.

तज्ज्ञाच्या पत्रात चार गोष्टी असाव्यात: निदान, ते कशावरून केले, विद्यार्थ्याला कोणती कामे किती वेळ करता येतात, आणि त्यावर कोणती सोय सुचवली आहे. ‘रुग्णाला डोळ्यांचा आजार आहे, सहकार्य करावे’ अशा पत्राचा परीक्षा विभागाला काही उपयोग होत नाही. त्याच विद्यार्थ्यासाठी पुढचे पत्र उपयोगी ठरते: ‘दृष्टिपटलाच्या विकारामुळे दृष्टिक्षेत्र अरुंद झाले आहे. एका वेळी तीन-चार शब्दच नजरेत येतात, त्यामुळे वाचनाला जास्त वेळ लागतो. मंद प्रकाशात वाचता येत नाही. खिडकीजवळची जागा आणि वाढीव वेळ द्यावा. आलेख काढण्याच्या प्रश्नाला पर्यायी प्रश्न द्यावा.’ यातल्या जागेच्या आणि वेळेच्या मागण्या आधीच्या एकेका वाक्याला बांधलेल्या आहेत. आलेखाची मागणी तेवढी सुटी राहिली. ‘बारीक चौकटींच्या कागदावर बिंदू मांडता येत नाहीत’ हे वाक्य जोडले की तीही बसते.

सवलत परीक्षेपुरतीच मागायची असते असे नाही. कर्णबधिर विद्यार्थ्याला पहिल्या बाकाची जागा, तासाच्या लेखी टिपणांची प्रत किंवा सांकेतिक भाषेचा दुभाषी लागतो. दृष्टिबाधिताला पुस्तके संगणकाला वाचता येतील अशा स्वरूपात हवी असतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने दिव्यांगांसाठी अशा प्रती करायला मोकळीक दिली आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिबाधितांसाठीचे संसाधन केंद्र २००३ पासून चालते. प्रयोगशाळेत मदतनीस, वारंवार उपचार घेणाऱ्याला हजेरीत सूट, चुकलेल्या अंतर्गत चाचणीची दुसरी तारीख, याही वाजवी सोयीच आहेत.

लेखनिक आणि वाढीव वेळ

लेखी परीक्षांसाठी केंद्राच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या सूचना प्रमाण मानल्या जातात. तासाला किमान २० मिनिटे वाढीव वेळ हा त्यांतला मुख्य नियम. तीन तासांच्या पेपरला एक तास, अडीच तासांच्या पेपरला ५० मिनिटे, दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटे मिळतात. लेखनिक न घेता स्वतः लिहिणाऱ्या लक्षणीय दिव्यांग विद्यार्थ्यालाही हा वेळ देता येतो. अंधत्व, दोन्ही हातांचे दिव्यांगत्व आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना लेखनिक मागितल्यावर मिळतो. लक्षणीय दिव्यांगत्वाच्या इतर प्रकारांत, लिहिण्याची शारीरिक मर्यादा असल्याचे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचे वेगळे प्रमाणपत्र लागते. यूडीआयडी कार्ड त्याची जागा घेत नाही, आणि कार्ड दाखवूनही लेखनिक नाकारला जाण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

विद्यार्थ्याने स्वतः आणलेल्या लेखनिकाचे शिक्षण त्याच्यापेक्षा एक पायरी कमी असावे, असे या सूचना सांगतात. वेगवेगळ्या पेपरांना, विशेषतः भाषांच्या, वेगळे लेखनिक घेता येतात. एका विषयाला मात्र एकच. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने लेखनिक दिला, तर परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटण्याची संधी मिळायला हवी. या भेटीचा उपयोग होतो. स्वल्पविराम कुठे, नवा परिच्छेद कधी, सूत्रातला घातांक कसा सांगायचा, हे दोघांचे आधी ठरले नसेल तर पेपरातला बराच वेळ त्यातच जातो. स्पर्धा परीक्षांचे नियम वेगळे आणि बदलते असल्याने त्यांच्यासाठी त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच प्रमाण धरावी.

मंजुरी मिळाल्यावरही ती परीक्षा केंद्रापर्यंत पोहोचावी लागते. २०२१ च्या नीट परीक्षेत डिस्ग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला केंद्रावर वाढीव तास मिळाला नाही आणि उत्तरपत्रिका इतरांबरोबरच काढून घेण्यात आली. त्या वर्षी २३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले आणि तो कसा दूर करता येईल हे ठरवायला परीक्षा यंत्रणेला सांगितले. पण पुन्हा परीक्षा घेण्याचा आदेश दिला नाही. म्हणून मंजुरीपत्राची प्रत केंद्रप्रमुखांकडे आधी देऊन पोच घ्यावी आणि एक प्रत परीक्षेच्या दिवशी हातात ठेवावी.

गोपनीयता, नकार आणि गैरवापर

निदान सगळ्या प्राध्यापकांना कळण्याची गरज नसते. मूळ वैद्यकीय कागद समन्वयकाकडे राहावेत आणि वर्गावरच्या शिक्षकाला फक्त मंजूर सोयीची यादी मिळावी, ही रीत चांगली. मानसिक आजाराच्या बाबतीत तर ती पाळलीच पाहिजे, नाहीतर बोभाट्याच्या धास्तीने विद्यार्थी अर्जच करत नाहीत.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागावे. रुग्णालयाने प्रमाणपत्र नाकारले किंवा टक्केवारी मान्य नसेल, तर कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येते. महाविद्यालय किंवा विद्यापीठ दाद देत नसेल, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. महाराष्ट्रात हे कार्यालय पुण्यात आहे. कायद्याचे उल्लंघन केल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खोटेपणाने लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

या साऱ्या व्यवस्थेत सर्वांत महाग पडतो तो उशीर. रुग्णालयाला तीन महिने लागू शकतात, सत्र जेमतेम पाच-सहा महिन्यांचे असते आणि झालेला पेपर सहसा परत मिळत नाही. प्रमाणपत्राचा अर्ज बारावीच्या वर्षातच करावा, सवलतीचा अर्ज प्रवेश मिळताच द्यावा आणि प्रत्येक कागदाची पोच जपून ठेवावी.